एअर रायफलचा चाप : घरी हात लागल्यानंतरच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ जून

भांडुपच्या गाळ्यात तीन एअर रायफली बाकावर आल्या आहेत. तिन्ही ४.५ मि.मी. बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि तिन्हींच्या चापाला घरी हात लागलेला. बिल्ल्यांवर क, ख, ग अशी नावं लिहून प्रत्येकीची तक्रार मालकाच्याच शब्दांत टिपली.

क : साधी नळी मोडायची, म्हणजे नळी बिजागरीवर वाकवून पिस्टनमागची स्प्रिंग ताणायची रायफल. चाप आणि सिअर (ताणलेला पिस्टन अडवून धरणारी खाच) एकाच तुकड्याचे. मालकाने सिअरचं तोंड पॉलिश पेपरने घासलं. त्यानंतर चाप ‘लोण्यासारखा’ झाला, पण तेल घातल्यापासून पिस्टन धरतच नाही.
ख : स्प्रिंगचीच, पण तीन तरफांचा दोन टप्प्यांचा चाप (आधी हलकी चाल, मग सुटण्याची ओढ). परतीची स्प्रिंग कापलेली. टप्पे हरवलेत आणि सेफ्टीचं बटण आपोआप बाहेर येत नाही.
ग : दाबाच्या हवेवर चालणारी १० मीटरची मॅच (स्पर्धेची) रायफल. छऱ्याचा वेग वरखाली होतो, कधीकधी लोडच होत नाही, म्हणजे ताणल्यावर सिअर पकड घेत नाही.

कामाची हद्द आधी लिहून ठेवतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मि.मी.पेक्षा मोठा बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर एअर रायफललाही परवाना लागतो. या तिन्ही त्याखालच्या आहेत. पॉइंट टू-टू किंवा कुठलीही बंदूक या बाकावर येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हे परवानाधारकाचंच काम आहे आणि इथे लिहिलेली मापं तिथे लावायची नाहीत.

बाकावरचा एक नियम सगळ्या नोंदींना लागू आहे. चाप संशयास्पद असताना नळी मोडली, तर एक हात शेवटपर्यंत नळीवरच. सिअर सुटला तर नळी झटक्यात बंद होते आणि खाचेत अंगठा असेल तर हाड राहत नाही.

४ जून

पहिलं काम वजन मोजणं. ट्रिगर गेज आहे, पण घरी ताडून बघायला पाण्याची बाटली पुरते. रायफल पाळण्यात (धरून ठेवणाऱ्या चौकटीत) आवळायची, तोंड छरे अडवणाऱ्या पेटीकडे. बाटलीची दोरी चापाच्या वळणाच्या मध्यावर अडकवायची, सिरिंजने १० मि.ली. करत पाणी भरायचं आणि चाप सुटला की बाटली काट्यावर ठेवायची. चाप जमिनीला समांतर ओढला गेला पाहिजे, म्हणून दोरी एका छोट्या चाकावरून घ्यायची. चाक नसेल तर रायफल उभी करावी लागते, पण मग नळी छताकडे होते. ती पद्धत वापरत नाही.

छरा मात्र भरलेलाच हवा. स्प्रिंगची रायफल रिकामी उडवली की पिस्टनपुढे हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन पुढच्या भिंतीवर आदळतो आणि सील व स्प्रिंग दोन्ही मार खातात.

क : पेट्रोलने धुऊन कोरडी केल्यावर ९०० ग्रॅम. मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) ग्रीस लावल्यावर पिस्टन धरलाच नाही.
ख : साधारण ७०० ग्रॅम, पण दर वेळी वेगळं.
ग : ९० ग्रॅमला सुटते, पण चाप मागे ओढलेल्या जागीच चिकटून राहतो.

‘क’च्या आकड्यावरच खरं काम आहे.

५ जून

चाप हलका झाला, तर तो हलकेपणा आला कुठून? घरी झालेल्या प्रत्येक कामाला हा प्रश्न विचारावा लागतो. कचं गणित मांडलं.

लोड केलेल्या अवस्थेत मुख्य स्प्रिंगचा जोर ५० किलोच्या घरात. थेट सिअरमध्ये हा सगळा भार एका खाचेवर असतो. पिनच्या मध्यापासून सिअरचं तोंड १० मि.मी. आणि बोट टेकतं ती जागा ३० मि.मी., म्हणजे तरफ १:३. कडक केलेल्या लोखंडावर लोखंड, कोरडं असताना घर्षणांक ०.१५ धरला तर तोंडावर ओढ ७.५ किलो, बोटाला २.५ किलो. परतीच्या स्प्रिंगचे २०० ग्रॅम मिळवले की २.७ किलो. ग्रीस असताना घर्षणांक ०.१० धरला तर ५ किलो, बोटाला १.६७, स्प्रिंगसह १.९ किलोच्या आसपास. न छेडलेल्या अशाच एका रायफलचं गेजवरचं वजनही तेवढंच येतं.

मग कोरड्या अवस्थेत ९०० ग्रॅम कसे? पॉलिशने घर्षण एवढं उतरत नाही. मालकाने परतीची स्प्रिंगही थोडी दाबून मऊ केली होती, तिचे १०० ग्रॅम उरलेत. राहिले ८०० ग्रॅम, म्हणजे सिअरच्या तोंडावर २.४ किलो. घर्षणाचे ७.५ किलो असताना फक्त २.४ लागतात, तेव्हा उरलेले ५.१ किलो पिस्टन स्वतःच सिअरला बाहेर ढकलतोय. ५० किलोवर ५.१, म्हणजे तोंडाचा कोन जवळजवळ सहा अंशांनी उलटा फिरलाय.

आता तेलाचं कोडंही सुटतं. ग्रीसने घर्षण ५ किलोवर आणलं आणि पिस्टनची ढकल ५.१. पकड जवळजवळ उरलीच नाही. तेल दोषी नव्हतं, तेलाने फक्त दोष उघडा पाडला. कोरडी असताना जी रायफल ‘छान हलकी’ वाटत होती, तिला सुटण्यापासून रोखायला कोरड्या घर्षणाशिवाय दुसरं काही नव्हतं. आर्द्रतेने, धुळीने, दस्ता जमिनीवर टेकल्याच्या हादऱ्यानेही ती सुटू शकली असती.

८ जून

कागदावरचा कोन लोखंडावर पडताळला. स्प्रिंग काढायला सुताराचा लांब क्लॅम्प वापरतो, कारण मागचं बूच निघताना तीनचार सेंटीमीटरचा दाब असतो आणि बूच हातात धरून पिन ठोकणारे लोक अजूनही आहेत. पिस्टन आणि चाप वेगळ्या जिगवर (तपासणीच्या चौकटीवर) बसवले. तिथे मूळ स्प्रिंगऐवजी दोनतीन किलोची मऊ स्प्रिंग आहे, त्यामुळे सिअर सुटला तरी काही बिघडत नाही.

तोंडाला प्रशियन ब्लू (भाग कुठे टेकतो ते दाखवणारी निळी शाई) लावून चाप हळू ओढला. शाई फक्त कडेच्या बारीक रेघेवर उठली, तोंडाचा बाकीचा भाग कोरा. पिस्टनला टेकवलेला डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारा काटा) चाप सुटण्याआधीच पिस्टन पुढे सरकत असल्याचं दाखवत होता. चांगल्या सिअरमध्ये ओढताना पिस्टन एक तर जागेवर राहतो किंवा केसभर मागे जातो.

कोन तपासायचा सोपा नियम असा : सिअरच्या तोंडावर काटकोनात काढलेली रेषा पिनच्या मध्यातून गेली, तर कोन तटस्थ. ती पिनच्या ज्या बाजूने जाते, त्यावर पिस्टनचा भार सिअरला आत खेचेल की बाहेर ढकलेल हे ठरतं. भिंगातून फोटो काढून त्यावर रेषा मारली तरी अर्ध्या अंशापर्यंत अंदाज येतो. कची रेषा पिनच्या चुकीच्या बाजूला एक मिलिमीटर पडली. १० मि.मी. अंतरावर १ मि.मी., म्हणजे पावणेसहा अंश. गणिताशी जुळलं.

हे होतं कसं? पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून घासला की बोट कडेला वळतं. तोंड चकचकीत होतं, पण सपाट राहत नाही, कड आधी उतरते. घासायचंच असेल तर पट्टी काचेवर, तुकडा ठोकळ्यात आवळलेला आणि फक्त ओरखडे जातील एवढंच, १००० नंबरच्या खाली नाही. खरं तर थेट सिअरला घासूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. तिथे ग्रीसने जेवढं मिळतं तेवढंच मिळवण्यासारखं आहे.

मग कानशीची चाचणी केली. चांगल्या पाणी दिलेल्या (कडक केलेल्या) तोंडावरून बारीक कानस घसरते. इथे मध्यभागी घसरली, कडेला मात्र चावली. अशा स्वस्त चापांना वरवरचंच पाणी असतं, मिलिमीटरच्या काही दशांशाची कातडी, आणि आत मऊ लोखंड. ती कातडी कडेला गेली आहे. त्यामुळे कोन पुन्हा घासून सरळ करण्यात अर्थ नाही, मऊ कड काही दिवसांत पुन्हा गोल होईल. हा तुकडा बाद. पुन्हा कुणी बसवू नये म्हणून करवतीने दोन भाग करून ठेवला. नवा चाप उत्पादकाकडून मागवला.

गॅसच्या ज्योतीवर लाल करून तेलात बुडवायचा घरगुती उपाय इथे चालत नाही. आतलं लोखंड कमी कार्बनचं असतं, ते तेलात बुडवून कडक होत नाही. उलट उरलेल्या कातडीचं पाणीही उतरू शकतं.

११ जून

कची पिनही तपासली. पिन ३.९८, पण ठोकळ्यातलं भोक एका दिशेने ४.२५ पर्यंत लांबलेलं. पिनचा मध्य पाव मिलिमीटर सरकला तर १० मि.मी.च्या तरफेवर सव्वा-दीड अंश नुसता ढिलेपणात जातो. नवा चाप या भोकात बसवला असता तर त्याचाही कोन दर वेळी वेगळा भरला असता.

नागदेवी स्ट्रीटवरून सिल्व्हर स्टीलची ४ मि.मी. ग्राइंड केलेली सळई आणि गनमेटलचा तुकडा आणला. भोक ६ मि.मी.पर्यंत रीम केलं (रीमरने मापात मोठं केलं), बाहेरून ६ मि.मी.चा बुश (पोकळ नळकांडं) दाबून बसवला आणि आतून ४.०१ ला रीम केला. पिन ३.९९. हाताने फिरते, पण हलवली तर खडखडत नाही. बुश दाबल्यावर आतून थोडा आवळतो, म्हणून शेवटचं रीमिंग बुश बसवल्यानंतरच करायचं.

खसाठी परतीची स्प्रिंगही त्याच फेरीत शोधली. तार ०.७ मि.मी., बाहेरचा व्यास ५, मोकळी लांबी २०. तयार स्प्रिंगच्या डब्यांमध्ये नेमकी मिळत नाही. २५ मि.मी.ची घेऊन कापायचा सल्ला दुकानात लगेच मिळतो, तो घ्यायचा नाही. मापावर वळवून घेतली.

१७ जून

ख. तीन तरफांच्या चापात मुख्य स्प्रिंगचा भार शेवटच्या पकडीपर्यंत येताना खूप उतरलेला असतो. म्हणून इथे ६०० ते ८०० ग्रॅम हा सुरक्षित आकडा आहे, थेट सिअरमध्ये तो नसतो. दोन प्रकारच्या चापांची वजनं शेजारीशेजारी ठेवून तुलना करणं हेच घरगुती छेडछाडीचं मूळ आहे.

कापलेल्या स्प्रिंगचं गणित लोकांना उलटं वाटतं. बारा वेटोळ्यांतली तीन कापली की स्प्रिंग मऊ होत नाही, दर मिलिमीटरला एक तृतीयांश अधिक ताठ होते. लांबी मात्र २० वरून १५ वर येते. खच्या घरात स्प्रिंगला जागा १६ मि.मी. आहे, म्हणजे सुरुवातीला ती टेकतच नाही. चाप पुढे ढकलायला काही उरत नाही आणि थोडं ओढल्यावर एकदम ताठ लागते. पहिला टप्पा हरवला तो इथे. सेफ्टीचाही तोच प्रश्न : चाप पूर्ण पुढे आला तरच सेफ्टीची पट्टी त्याच्या मागे बसू शकते. चाप अर्ध्यावर लोंबकळत होता, म्हणून बटण आत.

स्प्रिंग बदलली आणि दोन्ही तक्रारी गेल्या. नंतर टप्प्याचा स्क्रू लावला. तो एम ३ (३ मि.मी. जाडीचा), एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर. दुसरा टप्पा नाहीसा होतो ती जागा शोधली आणि तिथून पाऊण फेरा मागे, म्हणजे स्क्रूच्या टोकाला पावणेचार दशांश मिलिमीटर. पाव फेऱ्यावर चाप जास्त ‘काचेसारखा’ तुटतो हे खरं आहे, पण तेवढ्या पकडीवर रायफल शाळकरी नेमबाजाच्या हाती द्यायची नाही.

वजन ७४० ग्रॅम, आता दर वेळी २० ग्रॅमच्या आत.

एक गोष्ट चापाबाहेरची, पण तपासायचीच : नळी उघडी असताना चाप चालू न देणारी आडकाठी. लोड करताना खरखर लागते म्हणून ती काही जण काढून टाकतात. खमध्ये ती जागेवर होती, फक्त वाकलेली. सरळ केली. नळी घट्ट धरून, अर्धी उघडी ठेवून चाप दाबला, हलला नाही.

२० जून

कचा नवा चाप आला. ब्लूची शाई तोंडाच्या तीन चतुर्थांश भागावर उठली, डायल गेजवर पिस्टन सुटण्याआधी दोनतीन शतांश मिलिमीटर मागे गेला. पकड १.१ मि.मी. हाच तो मूळ कोन. त्याला काहीही करायचं नाही.

मॉलीची ग्रीस काडीच्या टोकावर मावेल एवढीच, फक्त तोंडावर आणि पिनवर. डब्यातून फवारायचं पातळ तेल नको. ते पिस्टनच्या सीलपुढे झिरपतं, दाबलेल्या गरम हवेत पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो आणि सील जळतं. शिवाय पातळ तेल उडून गेल्यावर जो चिकट थर उरतो, त्यावर कापसाचे तंतू बसून चाप महिन्याभरात जड होतो.

वजन १.८५ किलो. मालकाला हे आवडणार नाही, पण या रचनेत याहून खाली जायचा सरळ रस्ता नाही. हलका चाप हवा असेल तर तरफांचा चाप असलेली रायफल घ्यावी.

मग ठोक्याची चाचणी. रायफल पाळण्यात आडवी, तोंड पेटीकडे, लोड केलेली, छरा भरलेला. ५०० ग्रॅमच्या रबरी हातोड्याने दस्त्याच्या टोकावर दहा, डाव्या-उजव्या बाजूंना दहा-दहा, नळीच्या बिजागरीवर दहा ठोके. मग सेफ्टी लावून चाप जोरात ओढायचा, सोडायचा आणि सेफ्टी काढायची. सेफ्टी काढताना रायफल सुटली तर समजायचं की सेफ्टीमागे सिअर सरकून बसला होता. हा दोष नुसत्या ठोक्यांत दिसत नाही, म्हणून ही पायरी गाळू नये. क दोन्हींत टिकली, खही टिकली.

२४ जून

ग. आधी हवा. २०० बारची टाकी फिरवून काढली आणि आत उरलेली हवा पेटीकडे बार करून संपवली. टाकी लावलेली असताना चापाचा एकही स्क्रू सोडत नाही.

मॅच रायफलमध्ये सिअरवर भार फक्त हवेची झडप उघडणाऱ्या हातोडीच्या स्प्रिंगचा, काही किलोंचा, आणि मध्ये तरफा. म्हणून ९० ग्रॅम इथे नैसर्गिक आहे. १० मीटर एअर रायफलला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात चापाच्या वजनाची खालची मर्यादा नाही, एअर पिस्तूलला मात्र ५०० ग्रॅम आहे. १०चं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असताना हलका चाप हवासा वाटणं समजण्यासारखं आहे. मात्र चाप बोट काढल्यावर स्वतः पुढे आलाच पाहिजे. गचा येत नव्हता.

कारण भिंगाखाली सापडलं. स्क्रू हलू नयेत म्हणून मालकाने निळं स्क्रू-लॉक सढळ हाताने सोडलं होतं. हे द्रव हवा नसलेल्या, धातूने वेढलेल्या फटीतच घट्ट होतं. चापाच्या पिनभोवतीची फट त्याला स्क्रूच्या आट्यांइतकीच पसंत. केशाकर्षणाने आत गेलं आणि पिन अर्धवट चिकटली. सोल्डरिंग आयर्नचं टोक पिनवर धरून गरम केली, पिन निघाली. तुकडे अॅसिटोनमध्ये ठेवून लाकडी काडीने खरवडले. एम २.५ आणि एम ३ च्या स्क्रूंना कमी ताकदीचं जांभळं पुरतं, तेही स्क्रू बाहेर काढून आट्यांवर टाचणीने लावलेला एक ठिपका. लावून, पुसून, मगच बसवायचा.

२७ जून

गचा वेग वरखाली होण्याचं कारण वेगळं निघालं. सुटल्यावर चाप आणखी किती मागे जाईल हे ठरवणारा स्टॉपचा स्क्रू फार आत घेतलेला होता. सुटल्यानंतर चाप अजिबात हलू नये असं नेमबाजाला वाटतं, म्हणून तो नेहमीच फार आत घेतला जातो. मग सिअर हातोडीच्या वाटेतून पूर्ण बाजूला होत नाही. हातोडी त्याच्या कडेला घासून जाते, झडपेवर कमी जोराने आदळते, हवा कमी सुटते. क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) ०.५३ ग्रॅमचे छरे १५२ ते १७३ मीटर प्रति सेकंद. १० मीटरवर एवढ्या फरकाने उंचीत छिद्रं पसरतात आणि नेमबाज दोष स्वतःच्या श्वासात शोधत बसतो.

त्याच घासण्याने सिअरच्या कडेचा टवका उडाला होता, म्हणून कधी हातोडी धरली जात नव्हती. सिअर बदलला.

स्टॉप लावायची रीत : रायफल ड्राय-फायरवर (हवा न सोडता चाप चालवायच्या सोयीवर), स्क्रू आत घेत जायचा. चाप सुटेनासा झाला की थांबायचं. मग पाव-पाव फेरा मागे, सुटेपर्यंत. सुटला त्या जागेवर थांबायचं नाही, तिथून आणखी अर्धा फेरा मागे. त्या अर्ध्या फेऱ्यात बोटाला जेमतेम जाणवेल एवढीच चाल येते आणि सिअरला मोकळी वाट मिळते. ड्राय-फायरमध्ये बरोबर वाटलेला स्टॉप हवेवर पुन्हा तपासावा लागतो.

टाकी लावून क्रोनोग्राफ : १७१ ते १७४. चाप ११० ग्रॅमवर ठेवला, बोट काढताच पुढे येतो. हातोड्याने ठोके, मग दस्त्याचं गालाचं पॅड सर्वांत वर आणि सर्वांत खाली लावून पुन्हा ठोके, कारण या रायफलीत पॅडचा लांब बोल्ट चापाच्या घरापर्यंत पोचतो. बोल्ट घराला टेकत नाही, मध्ये दोन मिलिमीटर मोकळे आहेत.

३० जून

पाऊस लागला. घासून उघडं पडलेलं लोखंड मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून तिन्ही रायफलींचे उघडे भाग बोटावरच्या तेलाने पुसले, चापाच्या घरात मात्र काही सोडलं नाही. केसमध्ये सिलिका जेलची पुडी, फोमला चिकटून नाही.

सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू हलला, हे मालकाला दाखवून दिलं. प्रत्येक बिल्ल्यावर वजन, पकड, स्क्रूचे फेरे आणि ठोक्याच्या चाचणीची तारीख लिहिली. कच्या बिल्ल्यावर लाल शाईत : ‘वजन १.५ किलोच्या खाली आलं तर लोड करू नये, थेट बाकावर आणावी.’ वजन महिन्यातून एकदा बाटलीने घरी बघता येईल. ख आणि ग गेल्या, क उद्या संध्याकाळी.